उगूर मुम्जू : तस्करांचा माग काढणारा तुर्की पत्रकार

तुर्कस्तानात शोधपत्रकारितेचा विषय निघाला की आजही पहिलं नाव येतं ते उगूर मुम्जू यांचं. धर्म आणि राजकारणाबद्दलची त्यांची मतं आमच्या बऱ्याच वाचकांना पटणार नाहीत. ती इथे बाजूला ठेवू, कारण त्यांचा जीव गेला तो प्रश्न कुठल्याही विचाराच्या पत्रकाराचा आहे.

जन्म २२ ऑगस्ट १९४२, किर्शेहिर. अंकारात कायदा शिकले. १९७१ मध्ये लष्कराने सरकार खाली खेचलं, तेव्हा तुरुंगात गेले. सक्तीच्या सैनिकी सेवेत शिकलेल्या माणसाला अधिकारी करायचा रिवाज. यांना 'आक्षेपार्ह' ठरवून साधा शिपाई म्हणून पूर्वेकडच्या पातनोसला धाडलं. त्यावर त्यांनी मिश्कील पुस्तक लिहिलं, ते खूप गाजलं. पुढे 'जुम्हुरियत' दैनिकात (आपल्या उर्दूतलं जम्हूरियत तेच) त्यांचा स्तंभ सुरू झाला.

१ फेब्रुवारी १९७९ ला 'मिल्लियेत'चे संपादक अब्दी इपेकची यांना इस्तंबूलमध्ये घराजवळच गोळ्या घातल्या. मारेकरी मेहमत अली अग्जा पकडला गेला, पण नोव्हेंबरमध्ये लष्करी तुरुंगातून, सैनिकाचा गणवेश चढवून, निसटला. १३ मे १९८१ ला रोममध्ये पोपवर गोळ्या झाडणारा हाच.

लष्करी तुरुंगातून खुनी एकटा कसा बाहेर पडेल? मुम्जूंनी नेमका हा धागा धरला. हेरॉईन युरोपकडे आणि शस्त्रं तुर्कस्तानकडे, असा तस्करांचा दुहेरी धंदा. त्यांच्या पैशावर पोसलेल्या कट्टर उजव्या टोळ्या. आणि काणाडोळा करणारे सरकारी लोक. वकिली शिकलेला माणूस, कागद हातात असल्याशिवाय लिहायचा नाही. १९८१ मध्ये शस्त्रतस्करी आणि दहशतवादावर त्यांचं पुस्तक आलं, १९८४ मध्ये पोप, माफिया आणि अग्जा यांच्यावरचं. धमक्या येत राहिल्या.

२४ जानेवारी १९९३, रविवार. अंकारातल्या घरासमोर ते गाडीत बसले आणि बॉम्ब फुटला. वय ५० वर्षं. जनाज्याला प्रचंड गर्दी लोटली.

गाडीखाली वाकून बघावं, रोजचा रस्ता बदलावा, कुठे चाललो ते कुणाला तरी सांगून ठेवावं, असं गुन्हेगारीवर लिहिणाऱ्यांना शिकवतात. ते करायलाच हवं. पण आम्हाला विचाराल तर पत्रकाराची खरी ढाल म्हणजे आधीच्या पत्रकाराच्या खुनाचा पुरता तपास. इपेकचींच्या बाबतीत तो झाला नाही आणि १४ वर्षांनी मुम्जू गेले. त्यांच्याही वेळी स्फोटाची जागा लगेच झाडून काढली, पुरावे त्यातच गेले, हा आरोप अजून पुसला गेलेला नाही. १९९७ मध्ये संसदेने चौकशी समिती नेमली. पुढे खटला चालला, काहींना शिक्षा झाल्या, पण हुकूम कुणाचा होता याचं उत्तर घरच्यांना मिळालं नाही. अग्जा मात्र २०१० मध्ये तुरुंगातून सुटून बाहेर आला.

पत्नी ग्युल्दाल खचल्या नाहीत. १९९४ मध्ये त्यांनी पतीच्या नावाने संस्था काढली. तिथे तरुण मुलामुलींना शोधपत्रकारिता शिकवतात. २००७ मध्ये त्या खासदार झाल्या, संसदेच्या उपाध्यक्षही. ज्या गल्लीत स्फोट झाला तिला आता मुम्जूंचं नाव आहे आणि दर २४ जानेवारीला लोक तिथे फुलं घेऊन जमतात.