शिवणकाम करून मुक्त झालेली बाई : एलिझाबेथ केकली

विद्या चोराला चोरतां येत नाहीं, असें म्हणतात. परंतु ज्या बाईचे हातच दुसऱ्याच्या मालकीचे, तिच्या हातच्या विद्येचें काय? अमेरिकेंतील एलिझाबेथ केकली ह्यांचें चरित्र हें ह्या प्रश्नाचें उत्तर होय.

ह्या बाईंचा जन्म सन १८१८ मध्यें व्हर्जिनिया संस्थानांत गुलामगिरींत झाला. त्यांची आई अ‍ॅग्नेस धन्याच्या घरीं शिवणकाम करी, आणि मुलीच्या हातीं पहिली सुई तिनेंच दिली. चौथ्या वर्षीं एलिझाबेथला धन्याच्या तान्ह्या मुलीचा पाळणा हालविण्यास बसविलें. जोराचा झोका बसून बाळ खालीं पडलें, तेव्हां त्या चिमुरड्या पोरीस फटके खावे लागले. पुढें त्यांस धन्याच्या मुलाकडे धाडण्यांत आलें. हा मुलगा पाळक होता. तरी त्याच्या घरींही त्यांस निर्दयपणें मार बसला. हें लिहितांना मान खालीं जाते; पण तें झांकून चरित्र सांगणें खरेपणाचें नव्हे. त्याच गांवीं एका गोऱ्या मनुष्यानें त्यांजवर जबरी केली, आणि त्यांस जॉर्ज नांवाचा मुलगा झाला.

नंतर धन्याच्या लेकीचें कुटुंब एलिझाबेथबाईंस घेऊन सेंट लुइस शहरीं गेलें. तेथें पैशाची इतकी तंगी आली कीं, त्यांच्या वृद्ध आईस परक्या घरीं चाकरीस ठेवण्याचें ठरूं लागलें. तेव्हां बाईंनीं तें ओझें आपणांवर घेतलें, आणि शहरांतील स्त्रियांचे झगे शिवून जवळजवळ अडीच वर्षें १७ माणसांचें पोट भरलें. त्यांनीं स्वतःची व मुलाची सुटका मागितली, तेव्हां १,२०० डॉलर किंमत सांगण्यांत आली. मिळकत सारी धन्याच्या घरांत जात असल्यामुळें ती रक्कम सांठेना. अखेर ज्यांचे कपडे त्या शिवीत, त्या बायांनींच पैसे उभे केले, आणि सन १८५५ मध्यें मायलेंकरें मोकळीं झालीं. ही रक्कम बाईंनीं देणगी म्हणून न घेतां कर्ज म्हणून घेतली, आणि शिवणाच्या मिळकतींतून फेडून टाकिली.

सन १८६० मध्यें त्या वॉशिंग्टन येथें आल्या. कापड बेतण्यांत व झगा अंगाबरोबर बसविण्यांत त्यांचा हात धरणाऱ्या स्त्रिया तेथें थोड्याच होत्या. पुढील वर्षीं अध्यक्ष अब्राहाम लिंकन ह्यांच्या पत्नीनें आपले कपडे त्यांजकडे सोंपविले, आणि दोघींची मैत्री जडली. त्याच वर्षीं जॉर्ज यादवी युद्धांत लढतांना पडला. दुःखांत बसून न राहतां बाईंनीं सन १८६२ मध्यें आपल्या मंडळींतील सभासद मिळवून, दास्यांतून निसटून राजधानींत आलेल्या निराधार लोकांस मदत करणारी संस्था काढिली. सन १८६५ मध्यें लिंकन ह्यांचा खून झाला, तेव्हां त्यांच्या विधवेनें सांत्वनासाठीं एलिझाबेथबाईंसच बोलाविलें.

सन १८६८ मध्यें बाईंनीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. त्यांत लिंकनबाईंचीं खासगी पत्रें छापलीं गेल्यामुळें गहजब झाला, मैत्री तुटली, आणि गिऱ्हाइकें कमी झालीं. तथापि हातची विद्या राहिली होती. ती त्यांनीं वांटण्यास काढिली. सन १८९२ मध्यें, सत्तरी उलटल्यावर, ओहायो संस्थानांतील विल्बरफोर्स विद्यापीठांत त्या शिवणकामाच्या शिक्षिका झाल्या, आणि कृष्णवर्णी मुलींस आपली कला शिकवूं लागल्या. सन १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत त्यांनीं कपड्यांचे नमुनेही मांडिले.

ता. २६ मे १९०७ रोजीं वॉशिंग्टन येथील निराधार स्त्रिया व मुलें ह्यांच्या आश्रमांत त्यांचा अंत झाला. सन १९६० मध्यें तेथील कबरस्थान हलविलें, तेव्हां त्यांच्या अस्थि दुसरीकडे निनांवी पुरल्या गेल्या. सन २०१० मध्यें तेथें त्यांच्या नांवाचा दगड बसला.

आईनें दिलेली सुई गुलामाच्या घरांतली होती; तीच पुढें विद्यापीठाच्या वर्गांत गेली, आणि मध्यंतरीं तिनें दोन जिवांची सुटका केली. आपल्या गांवोगांवीं शिवणें जाणणाऱ्या भगिनी आहेत. त्यांनीं शेजारच्या एखाद्या मुलीस जवळ बसवून बेतणें व शिवणें शिकवावें, म्हणजे हें चरित्र वाचल्याचें सार्थक होईल.