महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : विद्या आणि व्रत

पाणीगेट परिसरातील वाचकांना महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे स्मरण विशेष अगत्याचे वाटावे. कारण त्यांच्या शिक्षणास श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीचा आधार लाभला होता. २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे जन्मलेले शिंदे १८९८ मध्ये बी. ए. झाले. कायद्याचा अभ्यास सोडून ते धर्मकार्याकडे वळले. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी तौलनिक धर्माचे अध्ययन केले.

ही विद्या ग्रंथांपुरती राहिली नाही. स्वदेशी परतल्यावर महाराजांच्या इच्छेनुसार त्यांनी बडोदे संस्थानातील अस्पृश्यांच्या शाळांची पाहणी केली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापिले. परळच्या शाळेपासून त्या कार्याचा आरंभ झाला. सनातन्यांचा रोष आणि स्वकीयांचे गैरसमज त्यांनी सोसले. १९२३ मध्ये ते मिशनमधून बाजूला झाले. परंतु संशोधन थांबले नाही. इतिहास, भाषा व प्रत्यक्ष निरीक्षण यांच्या आधारे लिहिलेला ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला.

२ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. धर्माचा अभ्यास वंचितांच्या शिक्षणात फलद्रूप व्हावा, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.