कैराना, बडोदा, मिरज : उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या घरांची गोष्ट

जून महिना आला की शाळेच्या ऑफिसात दाखला मागायला पालकांची रांग लागते. कोणी सुरतेला निघालेलं असतं, कोणी हैदराबादला. त्याच वेळी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तर प्रदेश, बिहारच्या घरांतली मुलं नव्याने प्रवेशासाठी उभी असतात. आम्ही शिक्षक मंडळी एका हाताने दाखले लिहितो, दुसऱ्या हाताने नावं नोंदवून घेतो. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. मालेगावच्या मोमीन विणकरांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेकडून हातमागाचा हुन्नर घेऊन आले आणि इथलेच झाले. आपलं हिजरी सालसुद्धा एका स्थलांतरापासूनच मोजलं जातं.

तरी दाखला हातात घेताना आईच्या चेहऱ्यावर एकच सवाल दिसतो. तिथे आपलं कोण? हा सवाल मनात ठेवून आज आम्ही अशा एका माणसाची हकीकत सांगणार आहोत, ज्याने दुसऱ्या मुलुखातून येऊन महाराष्ट्रात घर केलं. ते म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी कैराना इथे झाला. हे गाव उत्तर प्रदेशात, आजच्या शामली जिल्ह्यात, यमुनेच्या जवळ आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं होतं. वालिद काले खाँ आणि चाचा अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. गाण्याबरोबर सारंगी, वीणा अशा वाद्यांवरही हात बसला. पण त्या काळी गवयाचं पोट दरबारावर चालायचं आणि दरबार गावात नव्हता. म्हणून तरुण वयातच ते घराबाहेर पडले आणि फिरत फिरत बडोद्याला पोहोचले. सोबत भाऊ अब्दुल हक होते.

बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाडांचं राज्य होतं. गुजरातेतलं हे संस्थान, पण दरबाराची बोली मराठी. मराठी कानावर पडू लागली ती इथेच. दोघा भावांच्या गाण्याला मान मिळाला. इथे त्यांची ओळख ताराबाईंशी झाली. ताराबाई सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या, म्हणजे राजघराण्याच्या नात्यातल्या. धर्म वेगळा, दर्जा वेगळा. लग्नाला मान्यता मिळणं शक्य नव्हतं. दोघांनी बडोदं सोडलं आणि मुंबईची वाट धरली. नोकरी गेली, आसरा गेला. रोजगारासाठी घर सोडणं वेगळं आणि परत जाण्याचे दरवाजे बंद करून निघणं वेगळं.

मुंबईनंतर त्यांचं मन लागलं ते मिरजेत. मिरज तेव्हा पटवर्धनांचं छोटं संस्थान होतं, पण गाण्याच्या बाबतीत मोठं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तिथे शिष्य घडवले होते. पुढे नाशिकला येऊन राहिलेले विष्णु दिगंबर पलुस्करही मिरजेतच शिकले. शिकलगार घराण्यांनी हत्यारांचं काम सोडून सतार-तंबोरे बनवायला सुरुवात केली होती. याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शिवाय गावात ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा होता. मिरजेत आजही सांगतात की प्लेगच्या दिवसांत खाँसाहेब फार आजारी पडले होते, तेव्हा त्यांनी या दर्ग्यात बसून गाऊन दुआ मागितली आणि ते बरे झाले. तेव्हापासून त्यांचं या जागेशी नातं जडलं आणि ते आयुष्यभर टिकलं.

परक्या गावात माणूस आपला कसा होतो, हे त्यांच्या मिरजेतल्या वागण्यावरून कळतं. हे नीट बघण्यासारखं आहे. खाँसाहेब मराठी नाटकातली पदं गायला लागले. मानापमान नाटकातलं चंद्रिका ही जणू हे पद त्यांच्या आवाजात मुद्रित झालेलं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचा अभ्यास करत होते, त्या प्रयोगांसाठी खाँसाहेबांनी आपला गळा दिला. दक्षिणेत म्हैसूरच्या दरबारात गेले तर तिथलं कर्नाटक संगीत कान देऊन ऐकलं, त्यातली सरगम आपल्या गाण्यात आणली. १९१३ च्या सुमारास त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. शिष्य घरातल्या माणसांसारखे राहायचे, जेवायचे, शिकायचे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, हे त्यांचेच शागीर्द. ज्या काळात उस्ताद लोक आपली चीज पेटीत कुलूप लावून ठेवायचे, त्या काळात कैरान्याच्या या माणसाने आपली विद्या मराठी आणि कानडी मुलांच्या हवाली केली.

पण सगळं गोड झालं असं सांगणं खोटं होईल. १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ज्या नात्यासाठी बडोदं सोडलं, ते नातंच तुटलं. मुलांची नावंसुद्धा बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई झाली, सकीनाची सरस्वती झाली. दोष कोणाचा, हे शंभर वर्षांनी आम्ही ठरवणार नाही. पण बापाचं नाव मागे पडलं तरी बापाची गायकी मागे पडली नाही. सुरेशबाबू थोर गायक झाले. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, त्या काळी बाईमाणसासाठी ही मोठी हिंमत होती. त्यांनी नाव लावलं बडोदेकर. ज्या शहरातून आईवडिलांना निघून जावं लागलं, तेच शहर मुलीच्या नावात राहिलं.

१९३० च्या दशकात खाँसाहेबांच्या तबकड्या घराघरांत पोहोचल्या. त्यातलीच एक गदगच्या एका शाळकरी पोराच्या कानावर पडली आणि तो गुरूच्या शोधात घर सोडून पळाला. ते पोर म्हणजे पंडित भीमसेन जोशी. शेवटी ते सवाई गंधर्वांकडे, म्हणजे खाँसाहेबांच्याच शागीर्दाकडे शिकले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाल कोईल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, नमाज अदा केली, दरबारी रागात अल्लाहचं नाव घेतलं आणि तिथेच त्यांचा इंतकाल झाला. तारीख होती २७ ऑक्टोबर. शेवटची घडीसुद्धा परमुलखात, प्रवासात आली. पण दफन कुठे करायचं, याचं उत्तर ठरलेलं होतं. त्यांची मय्यत मिरजेला आणली गेली. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसाच्या दिवसांत देशभरातले कलाकार तिथे येऊन त्यांच्या आठवणीत गातात.

वर्गात किराणा घराणं असं म्हटलं की मुलं हसतात. त्यांना वाणसामानाचं दुकान आठवतं. मग आम्ही फळ्यावर नकाशा काढतो आणि यमुनेजवळ एक टिंब देतो. हे कैराना, ज्याच्या नावाने घराणं ओळखलं जातं. दुसरं टिंब बडोद्याला, जे मुलीच्या नावात राहिलं. तिसरं मिरजेला, जिथे ते कायमचे विसावले. या माणसाने तीन गावं बदलली आणि तिन्ही गावांनी त्याला आपलं म्हटलं.

म्हणून दाखला घेऊन निघालेल्या आमच्या पालकांना एवढंच सांगावंसं वाटतं. मागचं गाव पुसू नका, मुलांना त्याचं नाव सांगा. हातातला हुन्नर सोबत न्या. नव्या गावाची बोली शिका, शेजाऱ्यांच्या कामी या. आणि या सगळ्या धावपळीत घरातली माणसं एकमेकांपासून दूर जाणार नाहीत, याची फिकीर ठेवा. खाँसाहेबांना बाकी सारं जमलं, हे एक जमलं नाही. आपल्याला ते जमावं, ही दुआ.