भटजीविना लग्न : जोतिराव फुल्यांनी मांडवात दिलेली लढाई

जोतिराव फुल्यांचे नाव घेतले की आपल्याला भिडेवाड्यातली शाळा आठवते, घरातला पाण्याचा हौद आठवतो, ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ आठवतात. लग्ने आठवत नाहीत. पण तात्यासाहेबांच्या आयुष्यातला मोठा संघर्ष लग्नाच्या मांडवात झाला. बहुजन घरातले लग्न कोण लावणार, त्याची दक्षिणा कोणाला जाणार आणि नवरीला बोलायचा अधिकार आहे की नाही, या तीन प्रश्नांवर ते सतरा वर्षे झगडले. आज बौद्ध पद्धतीने लग्न करणाऱ्या प्रत्येक तरुण-तरुणीने हा इतिहास माहीत करून घ्यायला हवा.

दोन लग्ने

जोतिरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. १८४० साली नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची मुलगी सावित्री हिच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा जोतिराव तेरा वर्षांचे होते आणि सावित्रीबाई नऊ वर्षांच्या. त्या काळातल्या कोणत्याही घरात होते तसेच हे लग्न. मुलांना विचारायचा प्रश्नच नव्हता. विधी भटजीचे आणि भाषा कोणाला न कळणारी.

त्यानंतर आठेक वर्षांनी दुसरे एक लग्न त्यांच्या आयुष्यात आले. ते एका ब्राह्मण मित्राचे होते. जोतिराव वरातीत चालत असताना काही जणांनी त्यांना ओळखले आणि माळ्याच्या पोराने आमच्या बरोबरीने चालायचे कसे, म्हणून सर्वांसमोर अपमान केला. सगळे चरित्रकार ही घटना सांगतात आणि तिथून पुढच्या कार्याची सुरुवात धरतात. आपल्याला लक्षात घ्यायचे ते इतकेच की जातीची उतरंड जोतिरावांच्या अंगावर आली ती लग्नाच्या वरातीत. समाजात कोण कुठे उभा राहील हे लग्नात उघड दिसते, हे त्यांना तिथे कळले.

१८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ज्या लग्नव्यवस्थेत आठ-दहा वर्षांची मुलगी विधवा होते आणि तिला दुसरे लग्न करता येत नाही, त्या व्यवस्थेचे परिणाम जोतिराव आणि सावित्रीबाई स्वतःच्या घरात रोज पाहत होते.

२५ डिसेंबर १८७३

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. माणूस आणि निर्मिक यांच्यामध्ये दलाल नको, हे त्याचे मुख्य सूत्र. सभेत टाळ्या मिळवण्यासाठी ते पुरेसे होते. पण घरी मुलीचे लग्न निघाले की सूत्र विसरून लोक पंचांग घेऊन भटजीच्या दारात उभे राहणार, हे जोतिराव ओळखून होते. म्हणून समाजाची खरी परीक्षा त्यांनी लग्नात घेतली.

स्थापनेला तीन महिने होत असतानाच, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पहिला सत्यशोधक विवाह लागला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधाबाई निंबणकर. भटजी नाही, हुंडा नाही, मानपान नाही. सावित्रीबाईंनी या लग्नाच्या तयारीत पुढाकार घेतला. वधूवरांनी एकमेकांशी निष्ठेने वागण्याची शपथ घेतली, जमलेल्या लोकांनी ती ऐकली आणि लग्न लागले.

दुसरे लग्न ७ मे १८७४ चे, ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांचे. पहिल्या लग्नाकडे दुर्लक्ष करणे सोपे होते, कारण एखाददुसरा माणूस वेगळे वागतो म्हणून सोडून देता येते. दुसरे लागले की त्याची प्रथा होऊ लागते. त्यामुळे विरोध वाढला. जातीतल्या लोकांचा दबाव, बहिष्काराची भीती आणि धर्म बुडाल्याची ओरड, हे सगळे झाले. तरी लग्न लागले. हे ससाणे आडनाव ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

नवरी बोलते

भटजीला बाजूला केले तरी त्याच्या जागी काय, हा प्रश्न राहतो. नुसते नको म्हणून लोकांचे भागत नाही. लग्न आहे, घरभरणी आहे, मर्तिक आहे, प्रत्येक वेळी चार माणसांसमोर काहीतरी म्हणावे लागते. जोतिरावांनी यासाठी मराठीत स्वतः रचना केली. १८८७ साली सत्यशोधक समाजाच्या मंगलाष्टकांची आणि पूजाविधींची पुस्तिका छापून आली.

या मंगलाष्टकांची रचनाच वेगळी आहे. त्यात वधू आणि वर आळीपाळीने बोलतात. वधू नुसते होकार देत नाही. पुरुषांनी बायकांचे हक्क बुडवले, त्यांना स्वातंत्र्याची ओळखही राहू दिली नाही, असे ती भर मांडवात सांगते आणि ते हक्क देण्याची शपथ वराकडून मागते. वर ती शपथ घेतो. त्यानंतरच अक्षता पडतात. १८८७ साली महाराष्ट्रात नवरीला मांडवात मान वर करायचीही मुभा नव्हती, तेव्हा हे लिहिले गेले. आज आपल्या लग्नात पतीची पाच आणि पत्नीची पाच कर्तव्ये सांगितली जातात. ती सिगालोवाद सुत्तातून आली आहेत आणि त्यांतही पत्नीचा सन्मान करणे हे पतीचे पहिले कर्तव्य आहे. अडीच हजार वर्षे जुना उपदेश आणि जोतिरावांची मंगलाष्टके एकाच ठिकाणी येऊन मिळतात : लग्न हा दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे.

ओतूरचा खटला

लग्ने पुण्याबाहेर पसरू लागली तसा प्रश्न पोटावर आला. गावचा जोशी हा वतनदार होता. गावातल्या प्रत्येक लग्नाची दक्षिणा हा आपला वंशपरंपरागत हक्क आहे, असे तो मानत असे. तुम्ही त्याला बोलवा अथवा न बोलवा, पैसे त्याचेच.

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील डुंबरे यांनी १८८४ च्या सुमारास जोशाला न बोलावता आपल्याकडचे लग्न लावले. ओतूरचे जोशी कोर्टात गेले. बुडालेली दक्षिणा आणि वतनाचा हक्क ही त्यांची मागणी होती. खटला अनेक वर्षे चालला आणि मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोचला. बाळाजींसारख्या शेतकऱ्याला हे एकट्याने झेपणारे नव्हते. जोतिराव आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी राहिले. उच्च न्यायालयात शेवटी निकाल बाळाजींच्या बाजूने लागला.

मित्रांनो, भाषणे झाली, पुस्तके निघाली तोवर प्रस्थापितांनी टीका केली. कोर्टात मात्र ते गेले ते दक्षिणा बुडाली तेव्हा. धर्माचा वाद आतून मिळकतीचाही वाद असतो, हे ओतूरने दाखवून दिले. या निकालानेही जोशी वतनाचा प्रश्न कायमचा मिटला नाही. त्यासाठी १९२६ चा कायदा यावा लागला. तो मुंबई कायदेमंडळात मांडला सीताराम केशव बोले यांनी. हे तेच बोले, ज्यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण आले आणि ज्या ठरावाच्या बळावर १९२७ मध्ये बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. ओतूरचा मांडव आणि महाडचे तळे एकाच वाटेवर आहेत.

घरातले लग्न

जोतिराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला होता. विधवेचा मुलगा म्हटल्यावर त्याला मुलगी द्यायला कोण तयार होणार? पुढे आले ते ज्ञानोबा ससाणे. १८७४ साली ज्यांच्या लग्नाला विरोध झाला, त्यांनीच आपली मुलगी राधा यशवंतला दिली. लग्नाआधी राधाला फुल्यांच्या घरी आणून ठेवले, म्हणजे दोघांची ओळख होईल आणि तिचे शिक्षणही सुरू होईल. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने हे लग्न लागले. त्याआधीच्या वर्षी जोतिरावांना पक्षाघात झाला होता. उजवा हात गेला तेव्हा डाव्या हाताने ते ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहीत होते.

एक गोष्ट इथे लपवण्याचे कारण नाही. १८८४ साली बालविवाहावर मत देताना जोतिरावांनी मुलाचे वय किमान एकोणीस आणि मुलीचे अकरा असावे असे सुचवले होते. यशवंत लग्नाच्या वेळी पंधराच्या आसपास होता. आजारपणात बापाने घाई केली असेल. पण स्वतः सांगितलेली मर्यादा त्यांच्या घरातच पाळली गेली नाही, हे खरे. महापुरुषांना देव करून टाकले की अशी नोंद पुसली जाते आणि मग त्यांच्याकडून शिकण्यासारखे काही उरत नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. १८९७ च्या प्लेगात डॉक्टर झालेल्या यशवंतने हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. रुग्णांना तिथे आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एका सत्यशोधक लग्नातून जुळलेली सोयरीक शेवटी जात न पाहता रुग्णांच्या कामी आली.

आपल्यासाठी

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत जोतिरावांना गुरू मानले. १९५६ नंतर आपली लग्ने त्रिशरण-पंचशीलाने लागू लागली. कोणतेही कोर्ट आज आपल्याकडे दक्षिणा मागत नाही. पण आपल्याच मांडवात काय चालले आहे ते पाहा. पत्रिकेवर बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो असतात, आणि तारीख मात्र कुठेतरी गुपचूप पंचांग पाहून काढलेली असते. हुंडा ‘भेटवस्तू’ या नावाने येतो. डीजे आणि हळदीसाठी कर्ज काढले जाते. बौद्धाचार्य विधी सांगत असतो तेव्हा अर्धा मांडव जेवणाच्या रांगेत असतो, आणि वधूवरांनी काय प्रतिज्ञा घेतली हे त्यांनाही नंतर आठवत नाही.

जोतिरावांनी विधी छापून वाटले ते कोणीही वाचावेत म्हणून. भटाच्या जागी दुसरा भट बसवायचा नव्हता. म्हणून बौद्धाचार्याच्या जागी एखाद्या ताईने, एखाद्या आजीने, गावातल्या शिक्षिकेने लग्न लावले तर त्यात काही कमी पडत नाही. येत्या लग्नसराईत आपल्या घरी, मित्राच्या घरी लग्न असेल तर निदान तीन गोष्टी करा. तारीख सुट्टी आणि सोय पाहून ठरवा. प्रतिज्ञा वधूवरांनी आधी वाचून, समजून स्वतःच्या तोंडाने मोठ्याने म्हणाव्यात, आधी वधूने. आणि कर्ज काढून एक रुपयाही खर्च करू नका. सीताराम आणि राधाबाईंनी बहिष्काराची भीती असताना हे केले. आपल्याला अडवणारे आज कोणी नाही.

जय जोती, जय भीम.