होमी भाभा आणि गणकयंत्राची निवड

डॉ. होमी जहांगीर भाभा ह्यांचें नांव अणुशक्तीच्या संबंधानें सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु घरीं संगणक घेतांना प्रोसेसरवर किती द्रव्य वेंचावें, अशा विवंचनेंत असलेल्या पालकांनींही त्यांचें चरित्र अवश्य पाहावें.

त्यांचा जन्म मुंबईस ता. ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं एका सुखवस्तु पारशी कुटुंबांत झाला. सन १९२७ मध्यें ते केंब्रिजला गेले. मुलानें यंत्रशास्त्र शिकून टाटांच्या जमशेदपूर येथील पोलादाच्या कारखान्यांत काम करावें, अशी वडिलांची इच्छा होती. (लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांनीं गजबजलेल्या आमच्या जालन्यांत ही इच्छा कोणास चमत्कारिक वाटणार नाहीं!) मुलाचा ओढा मात्र पदार्थविज्ञानाकडे. त्यानें आधीं यंत्रशास्त्रांत प्रथम वर्ग मिळविला, आणि मग आपली वाट धरली. विश्वकिरणांवरील संशोधनानें भाभांची कीर्ति झाली. सन १९३९ मध्यें ते सुटींत स्वदेशीं आले असतां महायुद्ध सुरू झालें व ते येथेंच राहिले. सन १९४५ मध्यें त्यांनीं टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली.

तेथील शास्त्रज्ञांस प्रचंड गणितें करावयाचीं असत. तयार यंत्र विकत घ्यावें कीं स्वतः बांधावें? कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेनें १९५५ सालीं इंग्लंडांतून तयार यंत्र आणविलें. मुंबईकरांनीं बांधण्याचा मार्ग पत्करला. रंगस्वामी नरसिंहन् ह्यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं १९५६ मध्यें लहान नमुना व १९६० मध्यें पूर्ण यंत्र सिद्ध केलें. त्यांत रेडिओंतल्यासारखे सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. एवढ्या अवधींत परदेशांत ट्रान्झिस्टरचीं यंत्रें निघालीं, आणि आपलें यंत्र जन्मतःच जुनें ठरलें. मग श्रम फुकट गेले काय? मला तसें वाटत नाहीं. यंत्र जुळविण्याची व दुरुस्तीची विद्या घरांत आली, तिची किंमत कोणत्या पावतीवर लिहिणार? सन १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं ह्या यंत्राचें नांव टिफ्रॅक असें ठेविलें.

स्मृतीविषयीं केलेली निवड तर फारच बोधप्रद आहे. कलकत्त्याच्या यंत्राची स्मृति फिरत्या नळकांड्यावर होती. ती स्वस्त, परंतु हवा तो आंकडा फिरून समोर येईपर्यंत थांबावें लागे. टिफ्रॅकमध्यें चुंबकीय कड्यांची २०४८ शब्दांची स्मृति बसविली; ती महाग, पण तत्काळ उत्तर देणारी. आजही दुकानांत हाच हिशेब असतो. सर्व पैसा वेगवान प्रोसेसरवर घालून स्मृति अपुरी घेतली, तर तो महागडा प्रोसेसर वाट पाहत स्वस्थ बसतो. आणि निबंध लिहिणें व शाळेचा अभ्यास एवढेंच काम असेल, तर मध्यम प्रोसेसर पुष्कळ झाला. दुकानदार हें आपण होऊन क्वचितच सांगतो.

पुढें टिफ्रॅक अपुरें पडूं लागलें. तेव्हां स्वतःच्या हातच्या यंत्राचा अभिमान धरून न बसतां संस्थेनें १९६४ मध्यें अमेरिकन साहाय्यानें सीडीसी ३६०० हें मोठें यंत्र आणविलें. तें अतिशय महाग होतें. परंतु देशांतील अनेक विद्यापीठें व संशोधक त्याचा उपयोग करूं लागल्यानें तो खर्च पुष्कळांत वांटला गेला. भाभांस मात्र तें चालतांना फार दिवस पाहतां आलें नाहीं. ता. २४ जानेवारी १९६६ रोजीं आल्प्स पर्वतांतील मों ब्लां शिखराजवळ त्यांचें विमान कोसळलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ५६ वर्षांचें होतें.