अपील शाखेतून सरन्यायासनापर्यंत

सातारा-सांगलीच्या पक्षकाराला जिल्हा न्यायालयाचा निवाडा अमान्य असला, की मुंबईची वाट धरावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि हा फेरा टळला. मोफसलची अपिले हीच ज्यांच्या वकिलीची पाठशाळा ठरली, त्या प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकरांचे स्मरण या निमित्ताने होणे स्वाभाविक आहे.

१६ मार्च १९०१ रोजी साताऱ्यात, एका संस्कृत शास्त्र्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. धारवाड व पुणे येथील शिक्षणानंतर १९२६ च्या सुमारास त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली आरंभिली. शहरातील बड्या व्यापारी दाव्यांची मूळ शाखा बॅरिस्टरांची. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारी वारसा, दत्तक व जमिनीची भांडणे अपील शाखेच्या वाट्याची. (सांगली संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत तेथील दावे मात्र या कक्षेबाहेर होते.) घरची संस्कृत विद्या येथे कामी आली, नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथाची आवृत्ती त्यांनी संपादिली. १९४५ साली ते त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

जानेवारी १९५७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले, तो काळ अर्थव्यवहाराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. अमेरिकेत संघराज्याची व घटक राज्यांची न्यायालये वेगळी; आपल्या संघराज्यात मात्र शिडी एकच. कामगारांसाठी १९५० साली स्वतंत्र अपील न्यायाधिकरण निर्माण झाले होते. ते १९५६ च्या कायद्याने रद्द झाले. परिणामी औद्योगिक न्यायाधिकरणाच्या निवाड्यावरील अपील, घटनेच्या १३६ व्या कलमान्वये, थेट दिल्लीस जाऊ लागले. मालकाला हा प्रवास परवडे. कामगार संघटनेला तो क्वचितच परवडत असे.

१९५९ च्या असोसिएटेड सिमेंट खटल्यात बोनसचा प्रश्न आला. घसारा, कर, भांडवलावरील परतावा व यंत्रांच्या पुनःस्थापनेची तरतूद वजा जाता उरेल त्यातूनच बोनस, असे प्रचलित सूत्र होते. पुढेमागे घ्यावयाच्या यंत्राची किंमत फुगवली, की शिल्लक आटते! गजेंद्रगडकरांनी सूत्र कायम ठेवले. परंतु पुनःस्थापनेचा आकडा पुराव्याने सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला आणि सूत्राच्या फेरविचारासाठी उच्चाधिकार आयोग सुचविला. १९६१ साली आयोग नेमला गेला, १९६५ साली कायदा झाला. न्यायालयाने स्वतःच सूत्र बदलले असते, तर कामगाराची काही वर्षे वाचली असती, हा आक्षेप निराधार नाही. पण धोरण ठरविणे हे अपील न्यायालयाचे काम नव्हे, ही त्यांची भूमिका अधिक सयुक्तिक वाटते.

१९६४ ते १९६६ ते सरन्यायाधीश होते. पुढे राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी १९६९ च्या अहवालात केंद्रात व राज्यांत कायम औद्योगिक संबंध आयोग स्थापण्याची शिफारस केली. १२ जून १९८१ रोजी ते निवर्तले, तोवर ती प्रत्यक्षात उतरली नव्हती.