हान्स विल्सडॉर्फ

हान्स विल्सडॉर्फ (जन्म : कुल्मबाख, बव्हेरिया, २२ मार्च १८८१, मृत्यू : जिनिव्हा, ६ जुलै १९६०) हे जर्मनीत जन्मलेले उद्योजक आणि रोलेक्स व ट्यूडर या स्विस घड्याळ-कंपन्यांचे संस्थापक होते. ते स्वतः घड्याळजी नव्हते आणि त्यांच्या नावाशी जोडले जाणारे महत्त्वाचे शोध मुळात इतर कारागिरांचे व तंत्रज्ञांचे होते. तरीही मनगटी घड्याळ हे केवळ दागिना नसून अचूक, टिकाऊ आणि रोजच्या वापराचे साधन आहे, हे जगाला पटवून देणाऱ्यांमध्ये त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

प्रारंभिक जीवन

विल्सडॉर्फ यांच्या पूर्वायुष्याची बरीचशी माहिती त्यांनी आपल्या व्यवसायाच्या चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने लिहिलेल्या आत्मवृत्तपर पुस्तिकेतून मिळते. त्यांच्या घराण्याचा लोखंडी अवजारांचा व्यापार होता. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांचे आईवडील निवर्तले. पालकत्व स्वीकारलेल्या मामांनी कौटुंबिक व्यवसाय विकला आणि त्यांना कोबुर्ग येथील निवासी शाळेत ठेवले. तेथे गणित व परकीय भाषा या विषयांत त्यांनी प्रावीण्य मिळवले. लहान वयात स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागल्याने आपल्याला मालमत्तेची काळजी घेण्याची सवय लागली, असे त्यांनी पुढे नमूद केले.

शिक्षणानंतर त्यांनी जिनिव्हातील एका मोती-व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली. १९०० साली ते ला शो-द-फाँ या घड्याळ-उद्योगाच्या केंद्रातील कूनो कोर्टेन या निर्यातदार पेढीत दरमहा ८० फ्रँक वेतनावर रुजू झाले. इंग्रजी पत्रव्यवहार पाहणे आणि दररोज शेकडो घड्याळांना चावी देऊन त्यांची वेळ तपासणे, ही त्यांची कामे होती. निरनिराळ्या घड्याळांच्या गुणदोषांची जाण त्यांना या कामातून आली.

लंडनमधील व्यवसाय

१९०३ साली विल्सडॉर्फ लंडनला गेले. १९०५ साली त्यांनी आल्फ्रेड डेव्हिस यांच्यासह विल्सडॉर्फ अँड डेव्हिस ही पेढी स्थापन केली. स्वित्झर्लंडमधील यंत्रे आणून ती कवचांत बसवायची आणि तयार घड्याळे ब्रिटनमधील व वसाहतींमधील विक्रेत्यांना पुरवायची, असे या पेढीच्या कामाचे स्वरूप होते. पुरुष त्या काळी खिशात साखळीचे घड्याळ ठेवत. मनगटी घड्याळ हा स्त्रियांचा अलंकार समजला जाई. एवढ्या लहान यंत्राला अचूकता साधणार नाही आणि धूळ व ओलावा यांमुळे ते लवकर बिघडेल, असा अनेक घड्याळजींचा समज होता. विल्सडॉर्फ यांनी मात्र बील येथील हेरमान एग्लर यांच्या कारखान्याकडे लहान यंत्रांची मोठी मागणी नोंदवली. एग्लर आणि रोलेक्स यांचे हे व्यावसायिक नाते जवळपास शतकभर टिकले आणि २००४ साली रोलेक्सने तो कारखानाच विकत घेतला.

२ जुलै १९०८ रोजी ला शो-द-फाँ येथे रोलेक्स या व्यापारचिन्हाची नोंदणी झाली. नाव आखूड असावे, कोणत्याही युरोपीय भाषेत सहज उच्चारता यावे आणि तबकडीवर नीट मावावे, असा त्यामागे विचार होता. तबकडीवर विक्रेत्याचेच नाव छापण्याची इंग्लंडमध्ये प्रथा असल्यामुळे दुकानदार नव्या नावाला अनुकूल नव्हते. म्हणून विल्सडॉर्फ यांनी सुरुवातीला पाठवणीतील काही थोड्याच घड्याळांवर ते छापले आणि पुढे त्यांची संख्या हळूहळू वाढवली.

अचूकतेची प्रमाणपत्रे

अचूकतेचा दावा स्वतः करण्याऐवजी तो त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेण्यावर विल्सडॉर्फ यांचा भर होता. १९१० साली रोलेक्सच्या मनगटी घड्याळाला बील येथील अधिकृत तपासणी केंद्राचे क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळाले. १५ जुलै १९१४ रोजी इंग्लंडमधील क्यू वेधशाळेने रोलेक्सच्या एका छोट्या मनगटी घड्याळाला ‘अ’ वर्गाचे प्रमाणपत्र दिले. ४५ दिवसांच्या या चाचणीत घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत तपासले जाई. तोपर्यंत हा दर्जा प्रामुख्याने आकाराने कितीतरी मोठ्या घड्याळांना मिळत असे.

याच सुमारास पहिले महायुद्ध सुरू झाले. खंदकांतील सैनिकांना खिशातील घड्याळ गैरसोयीचे ठरल्याने मनगटी घड्याळाविषयीचा पूर्वग्रह मावळला. दुसरीकडे ब्रिटनमधील जर्मनविरोधी वातावरणात विल्सडॉर्फ हे आडनाव अडचणीचे ठरू लागले आणि १९१५ साली पेढीचे नाव बदलून रोलेक्स वॉच कंपनी असे करण्यात आले. त्याच वर्षी ब्रिटनने आयात घड्याळांवर एकतृतीयांश जकात लावली. युद्धानंतर विल्सडॉर्फ यांनी व्यवसायाचे केंद्र स्वित्झर्लंडला हलवले. १९२० साली जिनिव्हा येथे रोलेक्स कंपनीची नोंदणी झाली.

ऑयस्टर व पर्पेच्युअल

घड्याळाच्या कवचात पाणी व धूळ मुख्यतः चावीच्या दांडीलगतच्या फटीतून शिरत असे. पॉल पेरगो आणि जॉर्ज पेरे यांनी आट्यांनी घट्ट बसणाऱ्या चावीचे पेटंट घेतले होते. विल्सडॉर्फ यांनी ते विकत घेतले. आट्यांचे झाकण आणि आट्यांची चावी असलेले ऑयस्टर हे घड्याळ १९२६ साली बाजारात आले. ऑयस्टर म्हणजे कालव. कालवाच्या मिटलेल्या शिंपल्यांवरून हे नाव देण्यात आले. विक्रेत्यांनी दुकानाच्या दर्शनी भागात पाण्याने भरलेल्या काचपेटीत ही घड्याळे मांडावीत, अशी योजनाही करण्यात आली.

७ ऑक्टोबर १९२७ रोजी मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या पहिल्या ब्रिटिश महिला ठरल्या. त्यानंतर दुसऱ्या एका महिलेने केलेला असाच दावा खोटा निघाल्यामुळे ग्लाइट्झ यांच्याही पराक्रमाविषयी शंका घेतली गेली. त्यांनी २१ ऑक्टोबर रोजी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा विल्सडॉर्फ यांनी दिलेले ऑयस्टर त्यांच्या गळ्यात होते. थंडीमुळे सुमारे दहा तासांनंतर त्यांना पाण्याबाहेर काढावे लागले, पण घड्याळ चालूच होते. २४ नोव्हेंबर १९२७ रोजी डेली मेल या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर ऑयस्टरची पूर्ण पान जाहिरात प्रसिद्ध झाली. त्यामुळे लोकांच्या स्मरणात घड्याळ आणि खाडीवरील विजय यांची सांगड बसली. प्रत्यक्षात यशस्वी ठरलेली पोहण्याची फेरी आणि घड्याळासह झालेली फेरी या दोन वेगळ्या घटना आहेत.

चावी द्यायला विसरणे किंवा ती पुन्हा घट्ट न करणे, ही ऑयस्टरची उणीव होती. हाताच्या हालचालीने चावी बसणारे मनगटी घड्याळ इंग्लंडच्या जॉन हारवुड यांनी याआधीच तयार केले होते. एग्लर कारखान्यातील एमिल बोरर यांनी पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या वजनाची यंत्रणा विकसित केली आणि १९३१ साली ती ऑयस्टर पर्पेच्युअल या नावाने आली.

दुसरे महायुद्ध व नंतरचा काळ

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या छावण्यांतील ब्रिटिश युद्धकैद्यांची घड्याळे अनेकदा काढून घेतली जात. अशा कैद्यांना विल्सडॉर्फ यांनी टपालाने घड्याळे पाठवली आणि पैसे युद्ध संपल्यानंतर द्यावेत, अशी सवलत दिली.

१९४५ साली आपोआप तारीख बदलणारे डेटजस्ट आले. १९४६ साली त्यांनी तुलनेने कमी किमतीच्या घड्याळांसाठी ट्यूडर ही स्वतंत्र कंपनी स्थापन केली. १९५३ साली पाणबुड्यांसाठी सबमरिनर, १९५५ साली दोन ठिकाणची वेळ दाखवणारे जीएमटी-मास्टर आणि १९५६ साली वाराचे पूर्ण नाव दाखवणारे डे-डेट ही घड्याळे प्रसिद्धीस आली.

न्यास व वारसा

१९११ साली विल्सडॉर्फ यांचा फ्लॉरेन्स क्रॉटी यांच्याशी विवाह झाला होता. त्यांना अपत्य नव्हते. १९४४ साली पत्नीच्या निधनानंतर, १९४५ साली त्यांनी हान्स विल्सडॉर्फ न्यास स्थापन करून कंपनीतील आपली मालकी त्याच्या स्वाधीन केली. त्यामुळे त्यांच्या मृत्यूनंतर कंपनीची वाटणी किंवा विक्री झाली नाही. १९६० च्या दशकात आंद्रे हायनिगर यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. रोलेक्स आजही या न्यासाच्या मालकीची असून तिचे समभाग शेअर बाजारात नाहीत. न्यास जिनिव्हातील सामाजिक, शैक्षणिक व सांस्कृतिक कार्यांना साहाय्य करतो. न्यासाच्या अर्थसाहाय्याने आर्व्ह नदीवर बांधलेला, २०१२ साली खुला झालेला पूल विल्सडॉर्फ यांच्या नावाने ओळखला जातो.